जुन्या मापाचे छर्रे

बंदुकीची नळी बिजागरीत वाकवून छर्रा आत टाकला, की तो दुसऱ्या तोंडातून घरंगळत फरशीवर पडायचा. टिक्.

"पडला ना?" खाटेवरून डोळे मिटूनच दादा विचारायचा.

"पडला."

धाकट्याने तोवर सात दुकानं पालथी घातली होती. छऱ्याची ती बंदूक वडिलांच्या वेळची. तिची नळी आताच्या मापाहून केसभर रुंद. त्या मापाचे छर्रे निघणं बंद होऊन जमाना लोटला होता. पण दादाला त्याच बंदुकीने एकदा, शेवटचं एकदा, निशाणा मारायचा होता. आणि डॉक्टरांनी आता पुढची तारीख द्यायचंही सोडलं होतं.

आज सायकलवाल्याच्या बायकोने गेलेल्या नवऱ्याच्या अवजारांतून जुन्या छऱ्यांचा एक गंजका डबा काढून दिला. "ह्यांनी कधी कुणाला हात लावू दिला नाही. जपूनच ठेवला जन्मभर. न्या तुम्ही, भावजी."

घरी येऊन धाकट्याने डबा उघडला. शिशाचं पांढरं पीठ झालं होतं. बोटाने चाचपल्यावर तळाशी तीन छर्रे शाबूत निघाले. एक पुसून त्याने नळीत बसवला. नळी खाली केली, हलवली.

टिक् झालं नाही.

दादाने डोळे उघडले. "पडला नाही?"

"नाही दादा. घट्ट बसलाय."

"साधी भाजी निवडता येत नाही तुला, आणि छर्रा बरा मिळाला! बघतोस काय, उठव मला."

धाकट्याने उशा रचून त्याला बसवलं. स्प्रिंग ताणून दिली. दस्ता दादाच्या खांद्याला लावला आणि नळीचा भार आपल्या खांद्यावर घेऊन तो खाटेपुढे पाठमोरा, गुडघ्यांवर बसला. खिडकीबाहेर, झाडाला निशाण्यासाठी दोऱ्याने टांगलेलं डब्याचं झाकण समोर दिसत होतं.

खांद्यावरची नळी थरथरली. थांबली. पुन्हा थरथरली, जास्त वेळ. मागे दादाला धाप लागली होती.

"मी दाबू का चाप?"

"खबरदार!"

नळी आणखी एकदा थरथरली. मग बराच वेळ काहीच नाही.

"थांब जरा," दादा म्हणाला. "वारा आहे. पडू दे."

झाकण दोऱ्याला सरळ लटकत होतं. झाडाचं पानही हलत नव्हतं.

"हो ना," मागे न बघता धाकटा म्हणाला. "फारच सुटलाय आज."