कावळ्याला काय सांगितलं

"पूर्ण उतरवू की नुसतं पुढचं?" सीताराम न्हाव्याने तिसऱ्यांदा विचारलं. वस्तऱ्यात नवीन पातं घालून तो केव्हाचा उभा होता.

सुधीर आरशात बघत बसलेला. वय एकोणतीस, आणि कपाळ टाळूपर्यंत पोचलेलं. खडवलीला बघायला गेलेल्या मुलीने चहाचा कप पुढे करताना त्याला 'काका' म्हटलं, त्याच दिवशी त्याने ठरवलं, केस लावून घ्यायचे. मागचे काढायचे, पुढे रोवायचे. डॉक्टर म्हणाले होते, पूर्ण चकोट करून आलात तर उत्तम, नाहीतर मागचं आम्ही बघू. एवढी साधी गोष्ट. पण हा बाबा पाऊण तास मागच्या केसांत बोटं घालून बसलेला!

"पुढचं काढ," तो शेवटी म्हणाला. "मागचं राहू दे. ते दवाखान्यात काढतील, दार लावून."

कळव्याच्या खाडीवरचा माणूस डोकं भादरायला डोंबिवलीत मानपाडा रोडला येतो, तो ओळखीचं कुणी भेटू नये म्हणूनच. पण जाताना वहिनीला सांगून गेलेला, आणि वहिनीच्या पोटात काय राहतंय! पुढचं डोकं उतरून झालं आणि दारात थोरला भाऊ परशुराम उभा. मागे गावातला गुणाजी.

परशुरामने काही विचारलं नाही. आधी कानाखाली काढली. सुधीरचं तोंड समोरच्या फळीवर आपटलं, ओठ फुटला, पावडरचा डबा खाली सांडला.

"बापाच्या दहाव्याला केस नाय दिलेस," परशुराम ओरडला. "अख्खा गाव बघत होता. हात जोडले तुझ्यासमोर, तरी नाय. आणि आज पोरीसाठी भादरतोस? लाज नाय वाटत?"

"दादा, ऐक तरी..."

दुसरा ठोसा पोटात बसला. सीताराम मध्ये पडला, तर परशुरामने त्याला असा ढकलला की आरसा खिळ्यावरून निघून खाली फुटला आणि वस्तरा काचांत पडला. "गुण्या, धर याला!" गुणाजीने सुधीरचे दोन्ही हात मागे पिरगाळले. गुणाजी वाईट माणूस नव्हे. पण दहाव्याला तोही होता.

त्या दिवशी खाडीकाठी पिंड ठेवून दोन तास झाले तरी कावळा शिवेना. परशुरामने आईला सांभाळीन म्हटलं, बहिणीचं लग्न करीन म्हटलं, दारूसुद्धा सोडीन म्हटलं. कावळे झाडावर बसून राहिले. लोक म्हणायला लागले, धाकट्याने केस दिले नाहीत म्हणून म्हातारा रुसलाय. मग तोच धाकटा केसांसकट पुढे गेला, ओठातल्या ओठात काहीतरी बोलला, आणि कावळ्याने पिंडाला चोच मारली. थोरला तुळतुळीत डोकं घेऊन बघतच राहिला. वर्ष झालं, ते त्याला अजून सलत होतं.

"काय सांगितलंस रे कावळ्याला? बोल! माझं नाय ऐकलं, तुझं बरं ऐकलं?"

परशुरामने काचांतून वस्तरा उचलला. गुडघा भावाच्या पाठीत रोवला, मान खाली दाबली. "बापाचं राहिलंय ना, ते आज मीच करतो."

"मागचं नको, दादा. तुझ्या पाया पडतो. काय मारायचं ते मार, पण मागचं नको."

मग तर परशुरामने मागूनच सुरुवात केली. पाणी नाही, साबण नाही, कोरड्या केसांवर वस्तरा ओढला. कान कापला, रक्त गळ्यातल्या फडक्यावर सांडलं, तरी हात थांबेना. सीताराम "अहो, मरेल तो, सोडा!" म्हणून बोंबलत होता. केसांचे पुंजके काचांवर पडत होते. आणि एका जागी वस्तरा अडला.

कानामागून मानेपर्यंत वण होता. बोटाएवढा रुंद, पांढरा, दोन्ही बाजूंनी टाक्यांचे ठिपके.

"आयला!" गुणाजी म्हणाला. "हे कशानं रे झालं?"

कशानं ते परशुरामला ठाऊक होतं. जाळं फाडलं म्हणून सतरा वर्षांपूर्वी त्यानेच बारा वर्षांच्या भावाच्या डोक्यात वल्हं हाणलं होतं. वडिलांनी पोराला खांद्यावर टाकून पळत दवाखान्यात नेलं आणि तिथे सांगितलं, होडीत पडला. मग जखम केसांखाली झाकली गेली आणि परशुराम ते विसरून गेला. एवढं लागलं होतं? एवढं?

परशुरामने वस्तरा बाजूला घेतला. आता हा सांगणार. गुण्या ऐकणार, संध्याकाळपर्यंत गावभर होणार.

सुधीरने मान वर केली. तोंडातलं रक्त थुंकलं.

"होडीत पाय सरकला होता," तो गुणाजीला म्हणाला. "लहानपणी. काठावर आपटलो."

गुणाजीने हात सोडले. परशुराम तिथेच काचांत बसला. सीतारामने पुढे केलेला टॉवेल सुधीरने कानाला दाबून धरला.

"कावळ्याला काय सांगितलेलंस?" परशुरामने पुन्हा विचारलं.

"हेच," सुधीर म्हणाला. "होडीत पडलो म्हणूनच सांगेन. कुणीही विचारलं तरी."