दुसरा ब्रेक

"मी नाही यायची म्हणजे नाही यायची," सासूबाईंनी ठणकावलं आणि वाटाण्याच्या शेंगा पुढ्यात ओढल्या. "आपण होऊन तपासायला जायचं आणि नसतं दुखणं विकत घ्यायचं. मला काही होत नाहीये."

मॅडमनी उलट उत्तर दिलं नाही. त्यांना घरीदारी सगळे मॅडमच म्हणत, थट्टेने सासूबाईसुद्धा. माणसांना गाडी चालवायला शिकवणं हा त्यांचा धंदा. अर्ध्या गावाने त्यांच्या शेजारी बसून पहिल्यांदा स्टिअरिंग धरलं होतं, आणि घाबरलेल्या माणसाशी वाद घालू नये, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

घाबरलेल्याला 'घाबरू नका' म्हणायचं नाही. 'नुसतं आत बसा, गाडी चालू करू नका,' म्हणायचं. मग 'चालू झालीच आहे, तर कोपऱ्यापर्यंत जाऊ.' शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपुढे दुसरा ब्रेक असतो, दुसरा क्लच असतो. सगळा कारभार मॅडमच्या पायाखाली. नवख्याला बिचाऱ्याला याचा पत्ताही नसतो. फेरी संपली की मॅडम न चुकता म्हणत, "पाहिलंत? तुम्हीच चालवलीत." माणूस अगदी फुलून जायचा. जेवताना हे किस्से ऐकून ऐकून सासूबाईंना तोंडपाठ झाले होते.

मॅडमची स्वतःची आई छातीच्या कॅन्सरने गेली होती. 'मला काय धाड भरलीय' म्हणत तिने गाठ लपवली, आणि कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. सासरी आल्यावर या दुसऱ्या बाईने त्यांना आईसारखं जवळ घेतलं. आता हिलाही तसंच गमवायचं नाही, एवढा एकच ध्यास मॅडमनी घेतला होता.

स्वतः मॅडम मात्र कधी तपासणीला गेल्या नव्हत्या. विषय निघाला की नेमका त्यांना कुणाचा तरी क्लास आठवायचा. "आईला झाला होता ना? मग तुम्ही तर आधी यायला हवं," असं डॉक्टरांनी बजावलं, तेव्हा त्या "येते हं" म्हणून हसल्या होत्या. पुढे त्यांनी हॉस्पिटलच्या रस्त्याने शिकाऊंना नेणंच बंद केलं.

सासूबाईंचं हे खूळ मागच्या महिन्यातलं. मैत्रिणीबरोबर त्या चष्म्याचा नंबर तपासायला गेल्या आणि जुनाच चष्मा लावून परत आल्या. नंबर तोच आहे म्हणाल्या. त्याच संध्याकाळी त्यांनी आपणहून विषय काढला. "ती सांगत होती, छातीची कसली तपासणी असते म्हणून. मी बाई मेले तरी जायची नाही." तेव्हापासून मॅडम त्यांच्यामागे हात धुऊन लागल्या होत्या.

"आई, नुसती इमारत बघून येऊ," मॅडम आता म्हणाल्या. "आत जायचं नाही."

"आणि आत ओढलंस तर?"

"तुम्ही म्हणाल तिथून परत फिरू."

सासूबाईंनी एक शेंग सोलली, दुसरी सोलली. "एका अटीवर. आधी तू करून घ्यायचीस. तुला काय काय करतात ते कळलं, की मग मी."

मॅडमना लगेच कुणाचा तरी क्लास आठवला. पण शिकाऊ माणसाने एकदा किल्ली हातात घेतली, की मास्तरणीला मागे फिरता येत नाही.

"ठरलं," त्या म्हणाल्या.

निघायच्या सकाळी सासूबाईंच्या सूचना सुरू झाल्या. पाण्याची बाटली घे. गाडी सावलीत लाव. आज पावडर-सेंट काही लावू नकोस. माणूस घाबरला की बडबड करतो, मॅडमनी मनात म्हटलं आणि सगळं निमूट ऐकलं.

हॉस्पिटलात सासूबाई तडक खांबामागच्या खुर्चीत जाऊन बसल्या. "दारापाशी नको, तिथे अंगावर गार वारा येतो," म्हणाल्या, आणि एक जुनं मासिक उघडून त्यांनी नाकाला लावलं. मॅडमना गलबलून आलं. एवढी खमकी बाई, आणि भीतीने खांबाआड लपली होती!

मग आतून मॅडमना हाक आली. मशीनवरची मुलगी हसरी होती. थंडगार पाटी, थोडं दाबल्यासारखं, श्वास धरा, सोडा.

"झालं," मुलगी म्हणाली.

"एवढंच?" मॅडमनी विचारलं आणि त्यांना रडूच फुटलं. इतकी वर्षं त्या याला भीत होत्या.

डॉक्टरांनी फोटो लगेच पाहिले. सगळं छान आहे, पुढच्या वर्षी या, म्हणाले. मॅडम बाहेर आल्या त्या जवळजवळ धावतच.

"दुखतं का गं?" मासिकाआडून प्रश्न आला.

"छे! बोट दारात सापडलं तर जास्त दुखेल."

"डॉक्टर काय म्हणाले?" हे विचारताना मात्र सासूबाईंचा आवाज कापला.

"काही नाही, आई. सगळं स्वच्छ आहे."

सासूबाईंनी डोळे मिटले. धीर गोळा करताहेत, मॅडमना वाटलं. त्यांनी सासूबाईंचा हात धरून त्यांना उठवलं.

"चला, आता तुमचा नंबर. नुसतं दारापर्यंत. मी आहे ना."

दार उघडलं. मशीनवरच्या मुलीने आधी सासूबाईंकडे पाहिलं, मग मॅडमकडे, आणि तिचा चेहरा उजळला.

"अगंबाई, आजी! तुमची तर मागच्याच महिन्यात झाली की! म्हणजे, 'सून काही केल्या येत नाही, काय करू' म्हणत इथे रडत होतात, ती सून ह्याच का?"

सासूबाईंनी हातातलं मासिक मिटलं.

"पाहिलंत, मॅडम?" त्या म्हणाल्या. "तुम्हीच चालवलीत."