वितीहून लहान

नारळ तिसऱ्या फटक्याला फुटला आणि बोळिंजच्या तळ्याकाठी पाटीचं उद्घाटन झालं. 'येथे मासे पकडू नयेत. निसर्ग वाचवा. – सरोवर दर्शन सोसायटी.' वेगळा खांब कशाला पुरायचा म्हणून पाटी सोसायटीच्या सांडपाण्याच्या पाइपालाच तारेने बांधली होती. पाइप पाटीमागून खाली थेट तळ्यात उतरत होता.

गावातला म्हातारा शत्रुघ्न खांद्यावर गळाची काठी टाकून आला, तसा सेक्रेटरी सदानंदने हात आडवा केला.

"काका, गळ बंद. पाटी वाचा."

"वाचली. मासे सकाळपासून वर तोंड काढून तडफडतात, साहेब. आधी तुमचं पानी थांबवा, नायतर सांजपर्यंत तळ्यात काय उरनार नाय."

"पाइपचा विषय जनरल बॉडीत घेऊ," सदानंद समजुतीने म्हणाला. "आजचा विषय मासे आहे."

"एवढीएवढीशी पिल्लंसुद्धा सोडत नाही तुम्ही लोक," पेढे वाटणारी मीरा म्हणाली.

शत्रुघ्नने पंजा ताणून तिच्यापुढे धरला. "ही वीत बघा, बाई. चाळीस वर्सं हीच लावतो. हिच्याहून लहान मासा परत पान्यात. पोटात अंडी असलेली गाबोळीवाली तर मोजायचीच नाय, तशीच परत."

"हो का," मीरा म्हणाली आणि पेढ्यांचा बॉक्स पुढच्या माणसाकडे गेला.

शत्रुघ्नने काठी पाटीला टेकवली, धोतर खोचलं आणि गुडघाभर पाण्यात उतरला. वर मंडळी नाकावरचे रुमाल काढून फोटोसाठी उभी राहिली. फोटो काढणाऱ्या कौस्तुभच्या कॅमेऱ्यात रोलचे दोनच फोटो उरले होते.

फेसाच्या कडेला एक रोहूचं पिल्लू आडवं तरंगत होतं. शत्रुघ्नने ते ओंजळीत घेतलं, पाण्यातच पुढेमागे हलवलं, पुन्हा हलवलं. कल्ले उघडले नाहीत.

मग त्याने ते डाव्या तळहातावर ठेवलं आणि उजव्या हाताची वीत लावली. अंगठा शेपटीला, करंगळी डोक्याच्या चांगली पुढे.

त्याने वाकून ते अलगद पाण्यात सोडलं. पांढरं पोट वर आलं.

काठावर टाळ्या झाल्या. कौस्तुभने नेमका फोटो साधला.

"बघितलंत?" सदानंद म्हणाला. "पाटीचा लगेच गुण आला."