घरबसल्या डॉक्टरेट

सासूबाईंना अर्धांगवायू झाला, तेव्हा तिने कॉलेजमधली तासिका तत्त्वावरची नोकरी सोडली, पण अभ्यास सोडला नाही. एका हाताने त्यांना भरवत, दुसऱ्या हातात मोबाईल धरून व्याख्यानं ऐकत तिने ऑनलाइन पीएच.डी. पुरी केली. तोंडी परीक्षासुद्धा त्यांच्या पलंगाला टेकूनच दिली. निकाल कळल्यावर सासूबाई वाकड्या झालेल्या ओठांनी कशाबशा म्हणाल्या, "माझ्या दुखण्याचं सोनं केलंस गं. आता मी सुटले की आधी नोकरी धर."

त्या गेल्या. तेवढ्यात नवऱ्याचा कारखानाही बंद पडला, आणि ती जुन्याच कॉलेजात मुलाखतीला गेली. प्राचार्यांनी तिचा प्रबंध चाळला, तोंडभरून कौतुक केलं आणि हळूच चष्मा काढून ठेवला.

"काम चोख आहे, बाई. पण प्राध्यापकाच्या जागेला आम्ही ऑनलाइन पदवी धरत नाही. दुसरं एक काम आहे, बघा जमतंय का."

न जमून सांगते कोणाला? दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या मागच्या खोलीत, कानाला हेडफोन लावून तिने पहिला फोन घेतला. प्राचार्य दारातच उभे राहून ऐकत होते. पलीकडून एक बाई दबक्या आवाजात विचारत होती, "मुलं लहान आहेत हो, घर सोडता येत नाही. तुमच्या कॉलेजची ही नवी ऑनलाइन पीएच.डी. नोकरीला धरतात ना, ताई?"

 

"धरतात की! मला नाही का त्यावरच लागली?"