गोधडीखालची टाकी

भर दुपारी दामिनीनं भरलेल्या बॅगमधून आपली गोधडी बाहेर काढली अन् धनंजयच्या समुद्री माशांच्या टाकीवर टाकली. आतमधे पार अंधार झाला.

"आता हे काय नवीन नाटक?" धनंजय म्हणाला.

"आत या. दहा मिनिटं. मंग मी जाते."

तिचा भाऊ आनंद तिले न्यायले दुर्ग स्टेशनवर उतरला होता. फोन धनंजयनंच केला होता त्याले. घेऊन जाय तुझ्या बहिणीले, टाकीत फिनाइल टाकून मासे मारते.

पंधरा दिवसांत चार मासे मेले होते. चौथ्याचं डोकंच नव्हतं.

"फिनाइलनं डोकं गायब होते काय?" दामिनीनं सकाळीच विचारलं होतं.

"तोंड चालव नुसतं," सासू म्हणाली होती. "टाकीजवळ पोछा कोण मारते वो? मी?"

नवराबायको गोधडीखाली शिरले. खांद्याले खांदा लागला तसा धनंजय सरकला. दामिनीनं टॉर्च लावला. त्याच्यावर लाल पन्नी बांधली होती.

"लाल उजेडात जनावर बुजत नाही. तुम्हीच सांगितलं होतं, लग्नानंतर."

त्यानं काचेले नाक लावलं.

टक.

"पंप आहे," तो म्हणाला.

"पंप मी बंद केला."

टक. दगडाच्या छेदातून दोन डोळे बाहेर आले. देठावरचे. एक इकडं फिरला, एक तिकडं. मंग हिरवं अंग निघालं, बोटाएवढं. पुढचे दोन पाय मुठीसारखे आवळलेले. कोपऱ्यात एक शंख होता. त्यानं त्याच्यावर मूठ हाणली. टक. शंख फुटला.

"मँटिस श्रिम्प!" धनंजय वरडला. "आई, झिंग्याची जात आहे हे! समुद्रावरून दगड मागवले ना, त्याच्यातच लपून आला साला!"

त्यानं गोधडी ओढून फेकली. अर्धी टाकीत बुडली अन् मंग खाली पडली. त्यानं तो दगड उचलून बकेटीत धरला, छेदात सोड्याच्या पाण्याची बाटली ओतली. हिरवं जनावर टपकन खाली पडलं.

सासू चिमटा घेऊन धावली. "ठेच मेल्याले! चार मासे खाल्ले त्यानं!"

"हात नको लावू वो आई! बोट फोडन ते तुझं." धनंजय मधात आला. "अन् त्याची काय चूक? भूक लागली तर खाईनच ना. याले अलग टाकी घेतो मी. डबा दे काही, झाकणवाला."

डबा त्यालेच दिसला. दामिनीच्या उघड्या बॅगमधे, शिलाईचा. त्यानं तो पलंगावर उलटा केला. बटनं, बॉबिनी, कात्री. दोन बटनं घरंगळत पलंगाखाली गेली. डब्यात खारं पाणी भरलं अन् त्या जनावराले अलगद आत सोडलं.

दामिनीचा फोन वाजला. आनंद सेक्टर 2 मधे पोचला होता, क्वार्टरचा नंबर विचारत होता. तिनं सांगितला.

"चल, झालं ते झालं," सासू चिमटा ठेवत म्हणाली. "भाऊ येऊन राहिला, चहा ठेव."

दामिनीनं फरशीवरची गोधडी उचलली. पिळली नाही. तशीच घडी केली अन् बॅगमधे कोंबली.

"ओली आहे ना वो ते," सासू म्हणाली. "वाळू दे इथंच."

दामिनीनं चेन लावली. बाहेर ऑटो थांबला.

धनंजय डब्यावर वाकून फोटो काढत होता. "दामिनी," तो मान वर न करता म्हणाला, "इकडं ये, पाह्य ना, कसा पाहून राहिला आपल्याकडं!"

महिन्याभरात पहिल्यांदा त्यानं तिचं नाव घेतलं होतं.

त्यानं मान वर केली तेव्हा पलंगापासून दारापर्यंत फरशीवर पाण्याची एक धार गेलेली होती.