पुराव्याची पिशवी

आक्काताईंचा बेदाणा खायच्या लायकीचा नाही म्हणून व्यापाऱ्यानं सगळा माल परत पाठवला आणि प्रकरण सांगलीच्या कोर्टात गेलं. व्यापाऱ्याच्या वकिलांनी एआयचा अहवाल आणला होता. फोटो बघून एआयनं सांगितलं होतं, माल ब्याण्णव टक्के खराब.

आक्काताईंच्या बाजूनं तज्ज्ञ साक्षीदार म्हणून उभे राहिले रायगोंडाअण्णा. चाळीस वर्षं तासगावच्या बेदाणा सौद्यात दाणा चावून मालाची पारख करणारा माणूस. जज्जसाहेबांनी सील फोडायला लावून नमुन्याची पावशेराची पिशवी त्यांच्या हातात दिली.

"अण्णा, एआयनं दहा लाख फोटो बघितलेत. तुम्ही किती बघितले?" व्यापाऱ्याच्या वकिलांनी विचारलं.

"फोटो आमी कवा चावलाच न्हाई," म्हणत अण्णांनी सवयीनं चार दाणे तोंडात टाकले.

मग मशीन खरं की माणूस, यावर दोन्ही वकिलांची जी जुंपली ती तासभर. आपल्याला कुणी काही विचारीना म्हणून अण्णा पिंजऱ्यात गप उभे होते. हात तेवढा चालू होता.

शेवटी जज्जसाहेबच वैतागले. "पुरे! ती पिशवी इकडं द्या, मी स्वतः चाखून बघतो."

अण्णांनी पिशवीत हात घातला आणि त्यांचा चेहराच पडला. शिपायानं पिशवी उलटी करून झटकली, तर एक काडी खाली पडली.

"साहेब, यांनी पुरावा खाल्ला!" व्यापाऱ्याचे वकील ओरडले.

अण्णांनी शांतपणे मिशी पुसली.



"व्हय साहेब, खाल्ला. पर खराब माल असा संपतोय व्हय?"