फेब्रुवारीतला नाताळ

क्लेमने पियानोवर एका बोटाने नाताळच्या गाण्याची चाल सुरू केली, तेव्हा फेब्रुवारीची दुपार होती आणि ऑस्ट्रेलियातल्या लाँगरीच गावात पारा बेचाळीसवर होता. शेजारी खुर्चीत बसलेल्या त्याच्या बायकोने, एस्मेने, डाव्या हाताने बरोबर साथ धरली. उजवा हात मांडीवर नुसता पडून होता. नोव्हेंबरातल्या अर्धांगवायूच्या झटक्यात तो गेला, आणि वाचाही गेली.

समोर सोफ्यावर लॉरेल नावाची सरकारी बाई फॉर्म घेऊन बसली होती.

"क्लेम, कुठे राहायचं ते एस्मेनेच सांगायला हवं. तुमचं उत्तर मला लिहिता येत नाही."

"सांगेल की! बोलता येत नाही, पण गाता येतं तिला. ऐका तर खरं."

यात खोटं काही नव्हतं. साधं 'हो' म्हणायला जिची जीभ वळत नव्हती, तिने नाताळच्या दिवशी रेडिओबरोबर अख्खं गाणं म्हटलं होतं, एक शब्द न चुकता. चाळीस वर्षं गावच्या हॉलमध्ये ही गाणी तिनेच तर वाजवली होती. तेव्हापासून म्हातारा पेटला होता. जन्मभर मेंढ्या भादरण्यापलीकडे काही न केलेला हा माणूस सात आठवडे ती एकच चाल घोटत होता. चालीवर त्याने नवे शब्दही बसवले होते: 'मी इथेच राहणार, माझ्या घरी राहणार.' तेवढं तिने म्हटलं की झालं. नाहीतर तिची रवानगी सातशे किलोमीटरवरच्या रॉकहॅम्प्टनला, कारण जवळपास कुठल्याच वृद्धाश्रमात जागा नव्हती.

एस्मेने तोंड उघडलं आणि गोड आवाजात बर्फातल्या गाडीचं, घंटांचं जुनंच गाणं म्हटलं.

"नवे शब्द, एस्मे! काल म्हणालीस ना?"

काल ती म्हणाली नव्हती. कालही घोडं इथेच पेंड खात होतं. क्लेमने चाल पुन्हा वाजवली. पुन्हा बर्फ, पुन्हा घंटा. सहा वेळा तेच.

"हाताला काय झालं तुमच्या?" लॉरेलने त्याच्या मनगटावरच्या बँडेजकडे पाहत विचारलं.

"इस्त्री लागली."

"आणि लंगडता ते?"

"म्हातारपण. तुम्हालाही येईल, घाई करू नका."

मग तो बायकोकडे वळला. "एस्मे, पाया पडतो तुझ्या. एकदा म्हण. एकदाच. तू गेलीस तर मी काय या भिंतींशी बोलू?"

एस्मे त्याच्याकडे बघत राहिली. तिने डाव्या हाताने त्याचं बोट पट्टीवरून बाजूला केलं आणि चाल स्वतःच वाजवली, सावकाश. तिचं तोंड वाकडं झालं, कपाळावर घाम आला. शब्द एकेक करत आले आणि चालीत नीट बसले.

"तुला झेपत नाही रे, क्लेम. तुला झेपत नाही."

लॉरेलने पेनचं टोपण काढलं, पण लिहिलं काहीच नाही.

"इथेच राहणार म्हणाली," क्लेम म्हणाला. "ऐकलंत ना? लिहा."